बस आणि आपली प्रकृती



या व्यासपीठावरून आपण डॉक्टरांची, प्राध्यापकांची, साहित्यिकांची भाषणे ऐकत आला आहात. त्यांच्या पंगतीला आम्हांला बसविले, हा या मालेच्या चालकांचा लोभ. चालक हा शब्द आम्ही जरा जपून वापरतो. कारण आमच्या तोंडी चालक म्हणजे बसचा ड्रायव्हर, आणि त्याच्याविषयी आज पुष्कळ बोलायचे आहे.

आमचे शाळेतले शिक्षण सातवीला थांबले. उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत आम्ही कामाला लागलो. पुढचे शिक्षण झाले ते दोन ठिकाणी : युनियनच्या कचेरीत आणि करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० साली स्थापन झालेल्या त्या ग्रंथालयाने आमचे काळे हात पाहून कधी पुस्तक नाकारले नाही. तेव्हा आज जे सांगणार, त्यातले काही पाहिलेले आहे, काही वाचलेले आहे. विद्वत्तेचा दावा नाही.

बसचा आणि प्रकृतीचा संबंध काय, असे आमच्या घरातच पहिल्यांदा विचारले गेले. आमची मंडळी म्हणाली, "बसमध्ये धक्के खाऊन कंबर मोडते, ती प्रकृती सुधारायची व्हय?" प्रश्न खोटा नाही. त्याचे उत्तर देण्याचा हा प्रयत्न आहे.

कोल्हापुरात प्रकृती म्हटले की दोन गोष्टी डोळ्यांपुढे येतात, तालीम आणि दूधकट्टा. लाल मातीत घाम गाळावा, म्हशीची धार डोळ्यांदेखत काढून घेऊन दूध प्यावे, खासबागेत कुस्ती पाहावी, ही आमची आरोग्याची कल्पना. ती चांगलीच आहे. पण आज तालमीत जाणारा मुलगा तालमीच्या दारापर्यंत मोटारसायकलवर जातो. सकाळी रंकाळ्यावर फिरायला जाणारे गृहस्थ रंकाळ्यापर्यंत गाडीने जातात, तेथे दोन फेऱ्या चालतात आणि परत गाडीने घरी येतात. आम्ही त्यांची थट्टा करत नाही. आम्हीही तेच केले आहे. सांगायचे एवढेच की चालणे हे पूर्वी जगण्याचा भाग होते, आता ते वेगळे काढून करावे लागते. आणि जी गोष्ट वेगळी काढून करावी लागते ती कष्टकऱ्याला परवडत नाही. बारा तास राबून आलेल्या माणसाला रंकाळा कोठून दिसणार?

आमचे वडील शाहू मिलमध्ये होते. राजर्षींनी १९०६ साली काढलेली ती गिरणी २००३ मध्ये बंद झाली. वडील वडणग्याहून सायकलने येत. भोंगा झाला की शहरातल्या अर्ध्या सायकली एका दिशेला वळत. त्यांना साठीपर्यंत ना साखर होती, ना रक्तदाब. आम्ही पंचावन्न गाठायच्या आत दोन्ही मिळवले. त्यांनी आमच्यापेक्षा साधे खाल्ले हे खरे. पण त्यांचे पायही आमच्यापेक्षा जास्त चालले.

हे घरगुती अनुमान झाले. आता शास्त्राकडे वळू. हा विषय शास्त्रज्ञांना प्रथम उमगला तो बसमध्येच, हे ग्रंथालयात वाचताना आम्हांला मोठे नवल वाटले होते. १९५३ साली 'लॅन्सेट' या इंग्लंडमधल्या वैद्यकीय नियतकालिकात डॉक्टर जेरी मॉरिस आणि त्यांचे सहकारी यांचा एक अभ्यास छापून आला. लंडनच्या वाहतूक खात्यातले ३५ ते ६४ वयाचे सुमारे ३१ हजार कामगार त्यांनी विचारात घेतले. लंडनची बस दुमजली. त्या बसवर दोन माणसे : ड्रायव्हर आणि कंडक्टर. दोघांचा वर्ग एक, दोघांची वस्ती एक, दोघे त्याच रस्त्यावर तीच हवा खाणारे. फरक एकच. ड्रायव्हर बसून असतो. कंडक्टर तिकिटे फाडत दिवसाकाठी पाचशे-साडेसातशे पायऱ्या चढतो. मॉरिस यांना असे दिसले की हृदयाचा विकार ड्रायव्हरांना जास्त होतो. कंडक्टरांना तो कमी होतो, आणि झाला तरी उशिरा व सौम्य होतो.

शंका घेणारे तेथेही होतेच. ते म्हणाले, लठ्ठ माणसेच ड्रायव्हर होत असतील. मग मॉरिस यांनी काय करावे? त्यांनी खात्याच्या गणवेशाचे रजिस्टर मागविले आणि विजारींच्या कमरेची मापे तपासली. १९५६ साली तोही निबंध छापला. ड्रायव्हरांच्या कमरा तरुणपणापासूनच मोठ्या निघाल्या. म्हणजे शंकेत काही तथ्य होते. पण पुढे सडपातळ ड्रायव्हर आणि सडपातळ कंडक्टर, लठ्ठ ड्रायव्हर आणि लठ्ठ कंडक्टर अशा जोड्या लावून पाहिल्या, तरी कंडक्टरच सुखी दिसला. शिंप्याच्या मापावरून शास्त्र पुढे नेणारा हा माणूस आम्हांला फार आवडला. ते स्वतः ९९ वर्षे जगले. २००९ साली वारले.

आज जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रौढ माणसाने आठवड्याला निदान १५० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. आता हिशेब पाहा. घरापासून थांबा सात मिनिटे, उतरल्यावर कामाचे ठिकाण सात-आठ मिनिटे. जाऊन येऊन अर्धा तास. पाच दिवसांत दीडशे मिनिटे भरली, आणि त्यासाठी ना वेगळा वेळ काढावा लागला, ना बूट विकत घ्यावे लागले. दुचाकी उंबऱ्यापासून उंबऱ्यापर्यंत नेते. बस तुम्हांला थोडे चालविते. बसचा हा दोष आपण मानतो. डॉक्टराच्या डोळ्यांनी पाहिले तर तो तिचा गुण आहे.

मग कोणी म्हणेल, लोकांनी आळस केला म्हणून बस सोडली. येथे आमचा विरोध आहे. शिरोलीच्या, गोकुळ शिरगावच्या, कागलच्या औद्योगिक वसाहतींत जाणारा कामगार हौसेने दुचाकीवर बसलेला नाही. पाळी सकाळी सातला सुरू होते आणि गाडी सातला फाट्यावर येते. आणि येईलच असेही नाही. तीन दिवस उशीर झाला की एक दिवसाची मजुरी कापली जाते. चौथ्या दिवशी तो हप्त्यावर गाडी घेतो. गाव वीस किलोमीटर असेल तर रोजचे चाळीस. महिन्याचे सव्वीस दिवस धरले तर हजार किलोमीटरांच्या वर. लिटरला पन्नास किलोमीटर धरा आणि पेट्रोल लिटरला शंभराच्या वर आहे हे लक्षात घ्या : दोन हजार रुपये नुसते टाकीत गेले, वर कर्जाचा हप्ता. हा पैसा कोठून येतो? दुधातून, डाळीतून, पोराच्या वहीतून. पगारवाढीसाठी आम्ही महिना महिना फाटकाशी बसतो, आणि मिळालेली वाढ पेट्रोलपंपावर पोचते. हे कळायला आम्हांला पुष्कळ वर्षे लागली.

दुसरी किंमत जिवाची. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यांवर १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत शंभरातली ४४ दुचाकीवरची होती. हायवेवर रात्रपाळी संपवून झोपाळल्या डोळ्यांनी परतणारा पोरगा त्या आकड्यात असतो. आमच्या युनियनच्या कचेरीत वर्गणीच्या पावत्यांच्या शेजारी एक दुसरी वही आहे. मयत सभासदांच्या घरी किती मदत पोचविली, त्याची. ती चाळली तर यंत्रात सापडून मेलेल्यांपेक्षा वाटेवर मेलेली नावे जास्त दिसतात. यंत्राला जाळी बसवा म्हणून आम्ही भांडलो. वाटेला जाळी कोणती बसवायची? आम्हांला सुचते ती एकच : पाळीच्या वेळेला येणारी बस.

तिसरी किंमत हवेची. केंद्र सरकारने २०१९ साली राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची ठरलेली पातळी न गाठणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत मुंबई-पुण्याबरोबर आपल्या कोल्हापूरचे नाव आहे. पंचगंगेच्या काठचे, पश्चिमेच्या वाऱ्याचे हे गाव. पण दसरा चौकात सिग्नलला उभे राहून पाहा. एका बसमध्ये पन्नास माणसे बसली की तीस-चाळीस दुचाकी रस्त्यावरून कमी होतात. बसही धूर सोडते, पण चाळीस गाड्यांइतका जागा अडवीत नाही आणि चाळीस भोंगे वाजवीत नाही. विजेवर चालणाऱ्या बसगाड्यांची केंद्राची योजना २०२३ साली जाहीर झाली, तीत कोल्हापूरचेही नाव आहे. चांगली गोष्ट आहे. मात्र बस विजेवर चालते की तेलावर, हा दुसरा प्रश्न. ती वेळेवर येते की नाही, हा पहिला.

आता शहर सोडून जिल्ह्याकडे वळतो, कारण खरे दुःख तेथे आहे.

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी पहिली एस.टी. धावली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या लाल गाडीने महाराष्ट्रासाठी जे केले, ते आम्हांला कोणत्याही मोठ्या योजनेइतके मोलाचे वाटते. चंदगड, आजरा, भुदरगड, गगनबावडा, शाहूवाडी, या डोंगरकडेच्या तालुक्यांत मुक्कामाची गाडी म्हणजे गावाचे घड्याळ होते. तिने शाळकरी मुली नेल्या, वर्तमानपत्रे नेली, बाळंतिणी नेल्या. राजर्षी शाहू छत्रपतींना खेड्यातले पोर शिकविण्यासाठी शहरात वसतिगृहे काढावी लागली. १९०१ सालापासून त्यांनी ती काढली. घरून रोज येणे-जाणे शक्य नव्हते, म्हणून मूल घरापासून तोडून आणावे लागे. एस.टी.ने ते मूल संध्याकाळी परत आईजवळ नेऊन सोडले. मुलींच्या बाबतीत तर हा फरक शिक्षण मिळणे आणि न मिळणे इतका मोठा होता.

आणि दवाखाना. जिल्ह्यातल्या गरिबाचा शेवटचा आधार म्हणजे शहरातले मोठे सरकारी रुग्णालय. क्षयाचे औषध महिनोन् महिने न चुकता घ्यावे लागते. मूत्रपिंड निकामी झालेल्या माणसाचे रक्त आठवड्यातून दोन-तीन वेळा यंत्रावर शुद्ध करावे लागते. औषध फुकट असेल, यंत्र फुकट असेल. तेथवर पोचणे फुकट नाही. ज्या रोगाला वारंवार जावे लागते, त्या रोगात बस हे औषधच आहे. मात्रा चुकली की रोग वाढतो.

येथे आम्हांला स्वतःविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस एस.टी. कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला. महामंडळ सरकारात विलीन करा, ही मागणी होती. पगार अपुरा, तोही वेळेवर नाही. त्या काळात अनेक कामगारांनी जीव दिले. आम्ही एस.टी.चे नोकर नाही, पण त्यांच्या मंडपात जाऊन बसलो, बोललो, वर्गणी जमा करून दिली. ते चूक होते असे आजही आम्हांला वाटत नाही.

एके दिवशी मंडपाजवळ राधानगरीकडची एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडे, मागे नवरा रस्त्याच्या कडेला टेकून बसलेला. तिने आम्हांला पुढारी समजून विचारले, "बाबा, तुमचं भांडान खरं आसंल. पर आमच्या म्हाताऱ्याचं रगात धुवायला आठवड्याला दोनदा यावं लागतंय. वडापवाला दुप्पट घेतोय. आमी कुणाशी भांडायचं?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. त्या दिवशी आम्ही पैसे काढून दिले. पुढच्या खेपेला काय झाले, ते कळले नाही. पण प्रश्न राहिला. आम्ही संपाची सगळी तयारी करतो : घोषणा, फलक, वकील, वर्गणी. त्या म्हातारीची तयारी आम्ही कधीच केली नव्हती. दवाखान्याच्या चार गाड्या कामगारांनी आपल्या हाताने, आपल्या झेंड्याखाली सोडाव्या, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. सुचले असते तर मालक आणि सरकार यांच्यापुढे आम्ही दुबळे झालो नसतो. उलट सारा जिल्हा आमच्या मंडपात येऊन बसला असता. संप संपला, गाड्या सुरू झाल्या, पण वडापात बसलेला प्रवासी सगळाच परत आला नाही. प्रवासी गेला की फेरी तोट्यात, फेरी तोट्यात गेली की बंद, बंद झाली की आणखी एक घर हप्त्यावर दुचाकी घेते. यात पहिले बोट आम्ही स्वतःकडे दाखवितो, म्हणजे मग दुसऱ्यांकडे दाखविण्याचा अधिकार राहील.

आता चालक-कंडक्टरांविषयी. मॉरिस यांच्या कंडक्टरासारखे जिने आमच्या कंडक्टराच्या वाट्याला नाहीत. गर्दीत रेटारेटी मात्र आहे. एका ठिकाणच्या चालकांची आम्ही एकदा विचारपूस केली. संस्थेचे नाव सांगत नाही. तशी परिस्थिती एकाच ठिकाणी नाही. बहुतेकांनी सांगितले की ड्यूटीवर आम्ही पाणीच कमी पितो. का? तर वाटेत लघवीला जागा नाही. कित्येकांना मुतखडा. गुडघ्याशी इंजिनाची धग, सीटचा स्पंज बसलेला, पाठीचे मणके दुखतात. एक कंडक्टर भगिनी म्हणाल्या, "साहेब, पुरुष झाडामागं जातील. आम्ही कुठं जायाचं?" ज्या गाडीने लोकांची प्रकृती सुधारायची, ती चालविणाऱ्यांचीच प्रकृती बिघडत असेल, तर ती सुधारणा फार दिवस टिकणार नाही. थकलेल्या चालकाच्या हाती पन्नास जीव असतात.

उत्तर ठरलेले असते : तोटा आहे, पैसा नाही. आम्ही मजूर माणसे हिशेबाला भीत नाही. पण हिशेब पुरा मांडा. शहरबसचा तोटा वहीत लिहिला जातो. बस नसल्यामुळे मोडलेल्या पायांचा, चुकलेल्या उपचाराचा, सुटलेल्या शाळेचा खर्च कोणत्या वहीत लिहिता? रस्त्याला कोणी नफा विचारीत नाही, दिव्याच्या खांबाला विचारीत नाही. मुंबईच्या बेस्टने जुलै २०१९ मध्ये किमान तिकीट पाच रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी लाखांनी वाढले. मे २०२५ मध्ये ते तिकीट दहा रुपये झाले. लोकांना बस नको असते असे नाही. ती परवडली पाहिजे आणि आली पाहिजे. आपल्या राज्यात ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरील माणसांना एस.टी. मोफत झाली, आणि मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट. पलीकडे निपाणी-बेळगावला जून २०२३ पासून स्त्रिया कर्नाटकाच्या साध्या गाड्यांतून फुकट फिरतात. यावर विनोद होतात. पण वर्षानुवर्षे उंबरा न ओलांडलेली आजी लेकीला भेटून येते, नरसोबाच्या वाडीला जाऊन येते, चार माणसांत बसून बोलते, तेव्हा तिच्या प्रकृतीवर त्याचा काय परिणाम होतो, हे तिच्या सुनेला विचारा.

पैशाचा आणखी एक मार्ग आहे. फ्रान्समध्ये १९७१ साली कायदा करून पॅरिस भागातल्या मालकांवर पगाराच्या प्रमाणात वाहतुकीचा कर बसविला. पुढे तो इतर शहरांतही गेला. विचार साधा आहे : कामगार वेळेवर आणि धडधाकट पोचला तर फायदा कारखान्याचाही होतो. आपल्या औद्योगिक वसाहतींनी पाळीच्या गाड्यांना हातभार लावावा, हे आम्ही यापुढे पगाराच्या मागणीबरोबर लिहिणार आहोत. हे आमच्या सभासदांनाही पटवावे लागेल, कारण अजून त्यांना ही मागणी परकी वाटते.

बाकीच्या मागण्या लहान आहेत. गाड्या थोड्या असोत, पण लिहिलेल्या वेळेला येवोत. थांब्याला सावली, बाक, पाणी असावे आणि थांब्यापर्यंत चालता येईल असा पदपथ असावा. दुकानांच्या पायऱ्यांनी आणि उभ्या गाड्यांनी तो गिळलेला नसावा. दूरच्या तालुक्यांची सकाळची गाडी रुग्णालयात केसपेपर निघण्याच्या वेळेआधी पोचावी, आणि परतीची गाडी तपासणी झाल्यावर मिळावी. प्रत्येक मार्गाच्या दोन्ही टोकांना चालक-कंडक्टरांसाठी, विशेषतः स्त्रियांसाठी, स्वच्छतागृह असावे. वर्षातून एकदा त्यांची तपासणी व्हावी. यांत अशक्य काय आहे?

२०१९ च्या ऑगस्टात आणि २०२१ च्या जुलैत पुराने हायवे बंद झाला, तेव्हा कोल्हापूर तुटले म्हणून आपण सारे हवालदिल झालो होतो. चार-आठ दिवसांचा प्रश्न होता. ज्या वाडीची एकमेव गाडी बंद झाली, तिच्या भोवती बारा महिने पूर आहे. फरक इतकाच, की त्याचे फोटो येत नाहीत.

कोल्हापूरला लढता येत नाही असे कोणी म्हणणार नाही. एन. डी. पाटील सरांसारखी वयोवृद्ध माणसे पुढे झाली, सारे शहर मागे उभे राहिले आणि २०१५ च्या अखेरीस टोल गेला. आम्हीही त्या मोर्चांत चाललो. आज मागे वळून पाहताना मनात येते, गाडीवाल्याचा टोल जावा म्हणून आपण इतके लढलो. ज्याच्याजवळ गाडीच नाही, त्याच्यासाठी एकही मोर्चा निघाला नाही. त्यात आम्हीही आलो.

शेवटी एक विचारतो. आज हे व्याख्यान संपल्यावर आपल्या भागाकडे जाणारी शेवटची बस किती वाजता आहे, हे येथे किती जणांना ठाऊक आहे? आम्हांलाही परवापर्यंत ठाऊक नव्हते. विचारून घ्यावे लागले. जी गोष्ट आपण वापरीत नाही तिच्याविषयी आपण बोलत नाही, आणि बोलणारा मनुष्य उतरून गेला की गाडीत फक्त न बोलणारी माणसे उरतात. म्हणून आपणांपाशी मागणे लहान आहे. या मालेची अजून काही व्याख्याने व्हायची आहेत. त्यांतल्या एकाला तरी बसने या. गाडी वेळेवर आली तर कंडक्टरला तसे सांगा. त्याला ते फार क्वचित ऐकायला मिळते. आली नाही, तर थांब्याचे नाव, तारीख आणि आपण किती वेळ उभे होता, एवढे एका चिठ्ठीवर लिहा आणि दाराशी ठेवलेल्या पेटीत टाका. शंभर चिठ्ठ्या जमल्या की आम्ही त्या घेऊन कचेरीत जाऊ. बरोबर कोणी आले तर आनंद आहे.